गुलाबाचा वास, अप्पांचा डबा आणि आपली बंदी

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, किंवा सरळ पुढे जा. राग नाही.)

गेल्या महिन्यात अंधेरीला मावसभावाकडे गेले होते. लोखंडवालात राहतो, वय साठीच्या अलीकडे, आयुष्यभर जाहिरातीच्या धंद्यात होता. आता त्याने आणि त्याच्या पाच मित्रांनी एक शौक धरलाय, पाइप ओढायचा. दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर जमतात. प्रत्येकाचे पाइप वेगळे, तंबाखू वेगळी, ती साफ करायच्या काड्या वेगळ्या. मी गेले तेव्हा दादा एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आला. म्हणाला, "अगं, ओढू नकोस, पण वास तर घे!"

झाकण उघडलं. गुलाब, त्याच्या मागे काहीतरी गोडसर, बदाम आणि वाळलेल्या गवतासारखं, आणि सगळ्यात खाली तंबाखूचा तो ओला, मातकट वास.

मी डबा परत दिला आणि पाणी मागितलं. कारण हा वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत, फळीवरच्या पितळी पानडब्यातून यायचा तो. अप्पांच्या किमामाचा. अप्पा त्याच डब्याने गेले.

दादा बिचारा ओशाळला. त्याला आठवलंच नव्हतं. माझ्यासाठी तो काही वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण खाली कमेंटमध्ये त्याला शिव्या पडू नयेत. पण त्या दिवसापासून डोक्यात जे फिरतंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी त्या डब्याबद्दल. इंग्लंडच्या वायव्येला सरोवरांचा प्रदेश आहे, तिथे केंडल नावाचं गाव. तिथे १७९२ पासून तपकीर आणि तंबाखू बनवणारं सॅम्युअल गॅविथ हे घराणं आणि त्याच घराण्यातून फुटलेलं गॅविथ हॉगार्थ. दोन्ही पेढ्या २०१५ मध्ये पुन्हा एक झाल्या. त्यांची खासियत म्हणजे फुलांच्या वासाची तंबाखू. गुलाबासारख्या वासाचं जिरेनियमचं तेल आणि टोंका नावाच्या बियांचा अर्क वगैरे घालून पानं दाबून त्यांच्या वड्या कापतात. शौकीन लोकांत याच्यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो आजीचा साबण! एकदा हा वास पाइपात शिरला की निघत नाही, म्हणून त्यासाठी वेगळाच पाइप ठेवतात. दादाकडेही वेगळा आहे.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत ज्वलनशील वायूमुळे काडी पेटवता यायची नाही. म्हणून खाणकामगार तंबाखूचा पीळ तोंडात धरायचे. केंडलच्या पेढ्या असे पीळही बनवत आल्या आहेत. म्हणजे साहेबाच्या देशातही चघळायची तंबाखू होतीच, आणि ती कोणाच्या तोंडात होती, तर जमिनीखाली राबणाऱ्या माणसाच्या.

माझे अप्पा भांडुपच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. तिथेही बिडी-सिगारेट ओढायला सक्त मनाई. थिनरचे पिंप उभे असायचे ना! मग तिसऱ्या पाळीत झोप येऊ नये म्हणून बार भरायचा. सुरुवात साध्या तंबाखूने, चुना लावून, तळहातावर मळून. नंतर पगार वाढला तसं पान आलं, पानात जर्दा आला, आणि दिवाळीच्या बोनसनंतर कधीतरी ती किमामाची छोटी बाटली आली. किमाम म्हणजे तंबाखू उकळून आटवून केलेली काळी लापशी, त्यात अत्तर, वेलची, केशर वगैरे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. अप्पा पैसे द्यायचे आणि मी पाच रस्त्यावरच्या पानवाल्याकडून पुडी आणायची. येताना वाटभर पुडी नाकाशी धरायचे. इतका सुंदर वास! खोटं कशाला सांगू, एकदा चाटूनही पाहिला होता.

१९९८ मध्ये अप्पांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. मग तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी घालून दाखवा. एकच बोट जेमतेम गेलं. मग सुरू झाल्या परळच्या फेऱ्या. मुलुंडहून स्लो लोकल, परळला उतरायचं, केईएमच्या समोरून चालत टाटाला. त्या रस्त्यावर फूटपाथवर राहणारी माणसं पाहिली असतील तुम्ही. बिहारपासून बंगालपासून आलेली, कोणाचा गाल नाही, कोणाचा जबडा नाही. आम्ही निदान रात्री घरी यायचो. दोन वर्षं काढली अप्पांनी. शेवटचे चार महिने नळीने पेज. आईने तो पितळी डबा भांडीवाल्याला देऊन टाकला, पण फळीला वास नंतरही कित्येक दिवस येत होता.

म्हणून त्या दिवशी पाणी मागितलं.

आता मुद्द्यावर येते. वास म्हणजे नुसती चैन नसते, त्याचं काम असतं. नुसती तंबाखू पहिल्यांदा तोंडात घातली की माणूस थुंकतो. ठसका लागतो, चक्कर येते, उलटी होते. शरीर सांगत असतं की हे खायचं नाही. गुलाब, वेलची, पुदिना, केवडा हे सगळे त्या पहिल्या नकाराला गप्प करतात. एकदा पहिले पंधरा दिवस निघाले की पुढचं काम निकोटिन करतं, मग वास असला काय नि नसला काय. वास हा दरवाजा आहे, आणि दरवाजातून आत कोण येतं? पन्नाशीचा माणूस क्वचित. येतो तो पंधरा वर्षांचा पोरगा.

हे आपल्या राज्याला कळलं नव्हतं असं नाही. उलट महाराष्ट्र यात पुढे होता. २००२ मध्येच गुटखाबंदी केली होती, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला, त्याच्या २०११ च्या नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटिन घालायचं नाही असं स्पष्ट आलं, आणि २०१२ मध्ये आपण पुन्हा गुटखा बंद केला. लोकांनी पळवाट काढली. पानमसाला एका पुडीत, सुगंधी तंबाखू दुसऱ्या पुडीत, तोंडात दोन्ही एकत्र. म्हणून २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा हेही बंदीत घेतलं. या कायद्याखाली असा आदेश एका वेळी एकाच वर्षाचा काढता येतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की अन्न कायद्याबरोबर भारतीय दंड विधानाखालीही खटला भरायला आडकाठी नाही. कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद झाले. २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेट बंद केली. २०२० मध्ये राज्याने सुट्ट्या सिगारेटी-बिड्या विकायला बंदी केली.

कागद बघितला तर आपल्यासारखे आपणच!

आता कागद खिशात ठेवा आणि माझ्याबरोबर घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला चला. किंवा बोरिवलीला एस. व्ही. रोडने, किंवा मुलुंडला कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या बाहेर. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा २००३ चा कायदा आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण नव्वद मीटर, रिक्षा एक गिअर बदलेपर्यंतचं अंतर. तिथे टपरी आहे. टपरीवर पुड्यांच्या माळा दिसत नाहीत आता, हे खरं. पण नाव घ्या, हात खाली जातो आणि पुडी वर येते. शेजारच्या राज्यांतून येते म्हणतात. बंदीने एवढंच झालंय की किंमत वाढली आणि मधल्या माणसांचे खिसे वाढले.

आणि त्याच टपरीवर, अगदी राजरोस, समोर मांडून, एक सिगारेट मिळते जिच्या फिल्टरमध्ये एक बारीक गोळी असते. दाताने दाबायची, 'क्लिक' होतं, आणि पुदिन्याचा वास येतो. काहींत फळांचाही. ही सुटी मिळते. कॉलेजची मुलं-मुली हीच मागतात, कारण घशाला लागत नाही आणि घरी गेल्यावर तोंडाला वास येत नाही अशी समजूत. याच्यावर बंदी? नाही. आपल्या देशात सिगारेटमधल्या वासावर बंदीच नाही.

म्हणजे बघा हं. नागपूरकडच्या मजुराचा खर्रा सुगंधी म्हणून बेकायदा. माझ्या अप्पांसारख्याचा जर्दा बेकायदा. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या हातातली पुदिन्याची सिगारेट कायदेशीर. म्हणजे अठराच्या आत विकणं बेकायदा आहेच, पण ती वस्तू मात्र कायदेशीर. कारण काय, तर बंदी अन्न कायद्याखाली आहे, आणि सिगारेट हे अन्न नाही! तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण फुफ्फुसाला हे कोणी समजावून सांगायचं?

इथे दादा म्हणेल (म्हणालाच तो, फोनवर, नंतर), "मग आमच्या पाइपवर पण बंदी आण की!" त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, आम्ही सहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. आठवड्यातून एकदा. धूर छातीत ओढत नाही. पाइप भरायला आणि विझू न देता ओढायला शिकायलाच महिने जातात, कुठल्या पोराला एवढा धीर आहे? डबा बाहेरून आणायचा तर तो आपल्याकडे सहज मिळतही नाही, आणि मिळाला तर किंमत अशी की टपरीवर कोणी ठेवणार नाही. आमच्यामुळे कोण बिघडलं?

याला माझं उत्तर असं आहे. आरोग्याचं म्हणशील तर दादा, धूर छातीत नाही घेतलास तरी तोंडात घेतोसच. ओठ, जीभ, घसा, हे कॅन्सर पाइपवाल्यांनाही होतात. गुलाबाच्या वासाने त्यात काही कमी होत नाही. तेव्हा "आमचं ते सौम्य" हे स्वतःला सांगू नकोस. पण कायद्याचं म्हणशील, तर तुझं बरोबर आहे. सहा म्हाताऱ्यांच्या गच्चीवर पोलिस पाठवून कोणाचं भलं होणार नाही.

युरोपने हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे सिगारेटमधले वास बंद झाले, शेवटी २०२० च्या मे महिन्यात मेंथॉलही गेलं, ब्रिटनमध्येसुद्धा. पाइपची तंबाखू मात्र सोडली. म्हणून केंडलचा तो गुलाब अजून बनतो. अमेरिकेतही २००९ मध्ये सिगारेटमधले मेंथॉल सोडून बाकीचे वास बंद झाले, पाइप सुटला. मला आधी वाटलं, ही साहेबी सवलत आहे, उच्चवर्गाचं लाड. पण नीट वाचल्यावर कळलं की युरोपच्या सवलतीला अट आहे. विक्री वाढली किंवा तरुणांत प्रमाण वाढलं तर ती काढून घेता येते. आणि तशी काढूनही घेतली आहे. तंबाखू न जाळता तापवून ओढायची जी नवी उपकरणं आली, त्यांची सवलत २०२२ मध्ये युरोपीय संघाने रद्द केली. म्हणजे तिथे त्यांनी पाहिलं ते वासामागे तरुण जातात का. ओढणारा कोण, पाइपवाला की मजूर, हा प्रश्न नंतरचा.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. ज्याच्यामागे तरुण जातात ते मोकळं, आणि जे गरीब खातो ते बंद, तेही कागदावर.

आकडे बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या २६.६ टक्के लोकांना तंबाखूची सवय होती. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. हे आपलं दुखणं, गालातलं. बायकांची मशेरी त्यातच आली, तिला तर वासाचीही गरज लागली नाही, दात घासायचं निमित्त पुरलं. पण हेही सांगायला हवं की २००९-१० मध्ये हाच एकूण आकडा ३१.४ होता. म्हणजे काहीतरी उपयोग झाला. पाकिटावरची ती चित्रं, शाळांतलं बोलणं, टाटामधल्या डॉ. पंकज चतुर्वेदींसारख्या डॉक्टरांनी रुग्णांनाच पुढे करून केलेली धडपड आणि ती अर्धीमुर्धी बंदी, या सगळ्यांचा. म्हणून "बंदीने काही होत नाही, सोडून द्या" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अर्ध्या औषधाने ताप थोडा उतरला तर औषध पूर्ण घ्यायचं असतं.

आणि हे गरिबांचंच दुखणं आहे असंही समजू नका. आर. आर. आबा आठवतात? राज्याचे गृहमंत्री होते. २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले. शरद पवारांनी स्वतः जाहीर सांगितलंय की सवयीबद्दल कोणीतरी वेळेवर टोकायला हवं होतं. ज्यांच्या हातात कायदा असतो त्यांच्याही गालात तीच पुडी असते.

आणखी एक बोलायचंय, शब्दांबद्दल. दादाच्या गच्चीवर जे चालतं त्याला आपण 'शौक' म्हणतो. अप्पांच्या डब्याला 'व्यसन' म्हटलं. हॉस्पिटलात एका शिकाऊ डॉक्टरने आईसमोर विचारलं होतं, "शिकलेले दिसता, मग हे घाणेरडं व्यसन कसं लागलं?" आई काही बोलली नाही. मला आज उत्तर द्यावंसं वाटतं, की बाबा रे, घाणेरडं नव्हतं ते. फार सुंदर होतं. गुलाबाचा वास यायचा. म्हणून तर लागलं.

आपण तंबाखूविरुद्ध बोलताना हेच विसरतो. भिंतीवर सडका जबडा रंगवतो आणि समजतो की पोरं घाबरतील. पोराच्या हातात येते ती वस्तू सडकी नसते. तिला वेलचीचा वास असतो, चंदेरी कागद असतो, आणि टीव्हीवर मोठमोठे नट वेलचीच्या दाण्यांची जाहिरात करतात त्याच नावाची तंबाखू कुठेतरी विकली जाते. वेलचीवर बंदी नाही ना!

तर माझं मागणं काय? मी काही नेता नाही, पण मतदार आहे, लिहिते.

एक, सिगारेटमधले वास आणि ती क्लिकची गोळी देशभर बंद करा. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर आपण २००४ पासून बांधील आहोत, त्याच्या मार्गदर्शक सूचनांत वासांवर निर्बंध घालायला २०१० पासून सांगितलंय. नवीन शोध लावायचा नाहीये.

दोन, गुटख्याच्या धाडी टपरीवर घालायचं नाटक पुरे. टपरीवाला हप्ताही देतो आणि पकडलाही तोच जातो. ट्रक कुठून आला, गोदाम कोणाचं, त्यावर बोला. आणि किती खटल्यांत शिक्षा झाली, ते दरवर्षी जाहीर करा.

तीन, शंभर यार्ड. हे आपल्या हातात आहे. प्रत्येक शाळेच्या पालकसभेत एक टेप घेऊन जा आणि मोजा. फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला द्या, पोलिस स्टेशनला द्या, पोच घ्या. आमच्या सोसायटीतल्या चार जणींनी केलं. एक टपरी हलली, दोन हलल्या नाहीत. पण एक हलली.

चार, सोडायला मदत. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहे, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. टपरीवाल्यालाही द्या, तो स्वतःही खात असतो. आणि घरात कोणी खाणारं असेल तर आज रात्री जेवणानंतर सांगा, तीन बोटं उभी घालून दाखव. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तिखट लागायला लागलं, तोंड कमी उघडायला लागलं, तर उद्याच डॉक्टर. लवकर सापडलं तर माणूस वाचतो. आम्ही सहा महिने "दातामुळे असेल" म्हणत काढले.

दादाच्या डब्याचं काय? राहू दे त्याच्याकडे. फक्त त्याला मी एवढंच सांगितलं की क्लिकच्या सिगारेटवर बंदीची चर्चा निघाली की कंपन्या तुझ्यासारख्यांनाच पुढे करतील, "प्रौढांचं स्वातंत्र्य, परंपरा, शौक" म्हणत. तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहू नकोस. तुझा शौक तुझ्या गच्चीवर ठेव, पण त्याची ढाल कॉलेजच्या दारातल्या टपरीसाठी होऊ देऊ नकोस. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "काकांना कोणती लागायची गं, गुलाबाची?"

हो. गुलाबाचीच.

(कमेंटमध्ये "माझे आजोबा नव्वदपर्यंत खात होते" हे येणारच. असतील. माझे वडील एकोणसाठाव्या वर्षी गेले. दोन्ही खरं आहे. आजोबांचं नशीब नातवाला मिळेलच याची हमी असेल तर मला कळवा.)